आधी अवशेष येतात

अपघात अजून व्हायचा होता, पण हेलिकॉप्टरचे अवशेष पठारावर येऊन पोचले होते. ताडपत्रीखाली झाकून ते ट्रकमधून आले आणि ताडपत्रीच्या कडेवरून खारं पाणी ठिबकत होतं. घाटाच्या रस्त्यावर त्या पाण्याची ओली रेघ उमटली. दुपारच्या उन्हातही ती वाळली नाही.

प्रशिक्षण केंद्रात कुणाला त्याचं नवल वाटलं नाही. हेलिकॉप्टर अपघातांचे तपासनीस घडवायचे तर त्यांच्या हातात काहीतरी द्यायला हवं, आणि अवशेष नेहमी आधीच येतात. उमेदवारांनी ते मैदानावर मांडायचे, चाचपायचे आणि कारण शोधायचं. सगळ्यांच्या तोंडून एकच कारण निघालं की ते ठरलं. मग हेलिकॉप्टर येतं आणि अवशेष मांडले असतील तिथेच, ठरलेल्या कारणाने, पडतं.

विंग कमांडर मुजुमदार तिथले मुख्य प्रशिक्षक. हवाई दलातून निवृत्त झालेले, उंच, किंचित वाकलेले, चहा बशीत ओतून पिणारे. त्यांनी पहिल्याच तासाला सगळं समजावून सांगितलं. मागच्या तुकडीला मिळालेल्या अवशेषांवर बर्फ होता. तपास रेंगाळला आणि पठारावर बर्फ पडायला लागला. पार खालच्या अंजिराच्या बागांपर्यंत तो पोचला होता. अपघात झाल्यावर दुसऱ्या दिवशी तो निघून गेला, पण बरीच झाडं मेली. यंदाच्या अवशेषांतून समुद्र गळत होता. लवकर ठरवलंत तर तळ्याएवढ्या पाण्यावर भागेल, असं सर म्हणाले. उशीर केलात तर समुद्राला यावं लागेल, आणि एकदा आला की अपघात झाल्याशिवाय तो परत जाणार नाही.

दमयंती तांडेल हे सगळं दुसऱ्या रांगेत बसून ऐकत होती. ती मूळची हर्णैची. समुद्रातल्या तेलाच्या रिगवर कामगारांची ने-आण करणाऱ्या एका कंपनीत ती हेलिकॉप्टरच्या देखभालीचं काम करत होती, आणि कंपनीनेच तिला इथे पाठवलं होतं. वर्गात शिरतानाच तिला मैदानावरून वास आला होता. कुजलेलं शेवाळ, ओला दोर, डिझेल. तिच्या लहानपणी घरातल्या सगळ्या कपड्यांना हाच वास असायचा.

मैदानावर गेल्यावर मुजुमदार सरांनी आधी चारी टोकं शोधायला लावली. नाक, शेपूट, दोन्ही बाजू. चारी टोकं एका जागी सापडली तर हेलिकॉप्टर हवेत फुटलं नाही, ते अख्खं खाली आलं. टोकं सापडली. शेपूट वाकली होती, काचा नव्हत्या, पण सगळं एकमेकांच्या हाताशी होतं. प्रत्येक तुकड्याला पिवळी चिठ्ठी बांधायचं काम दमयंतीला आणि सायमन डाबरेला मिळालं. डाबरे वसईचा. स्वतः वैमानिक, पण पाठीच्या दुखण्याने त्याचं उडणं सुटलं होतं. माणूस मोकळा होता, मात्र वैमानिकांबद्दल त्याचं मत फार कडक होतं.

वैमानिकाची सीट डाबरेने उलटी केली तेव्हा तिच्या पाठीला बांधलेली एक लहानशी उशी खाली पडली. निळ्या सुती लुगड्याच्या कापडाची, कडेने पांढऱ्या दोऱ्याची शिवण. शिवण एका कोपऱ्यात वाकडी गेली होती, कारण तिथे दमयंतीने आईच्या हातून सुई घेऊन शेवटचे टाके स्वतः घातले होते. तिच्या धाकट्या भावाच्या, जयवंतच्या, कंबरेत फार वेळ बसलं की कळ येते. तो तिच्याच कंपनीत वैमानिक होता.

तिने उशी पिळली. तिच्यातून खूप पाणी निघालं, एवढ्या उशीत मावणार नाही इतकं. मग तिने तिला चिठ्ठी बांधली.

संध्याकाळी ती मुजुमदार सरांकडे गेली आणि म्हणाली की हा माझा भाऊ आहे, मला या तपासातून मोकळं करा. सरांनी तिला खुर्ची दिली, चहा मागवला. ते रागावले नाहीत. इथे येणारा प्रत्येक वैमानिक कुणाचा तरी भाऊ असतोच, असं ते म्हणाले. नात्यातलं माणूस तपासात असलं की उलट नजर बारीक राहते. आणि तुम्ही गेलात तरी बाकीचे कारण शोधतीलच, तेव्हा तुम्ही असलेल्या बऱ्या.

तिने वसतिगृहाच्या पायरीवर बसून जयवंतला फोन लावला. तो जेवत होता. कोलंबीचं कालवण केलंय म्हणाला. तिने सांगितलं तेव्हा त्याचं चावणं थांबलं, आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू झालं.

"ठरलं का कारण?" त्याने विचारलं.

"नाही. आजच मांडलंय."

"मग ठरेपर्यंत मला काही होत नाही. उद्या वादळात जरी उडालो तरी काही होणार नाही."

ती म्हणाली, नोकरी सोड, घरी जा, हेलिकॉप्टरच्या जवळ फिरकू नकोस. तो हसला नाही. त्यांच्यातल्या एकाने तसं केलं होतं, असं त्याने सांगितलं. राजीनामा दिला, रोह्याला जाऊन किराणा दुकान टाकलं. कारण ठरलं त्या दिवशी हेलिकॉप्टर त्याला न्यायला दुकानात घुसलं. गिऱ्हाइकं होती आत. म्हणून आता कुणी पळत नाही. निदान विमानतळावर उभं असताना आलं तर दुसऱ्या कुणाला त्रास होत नाही.

"आई कशी आहे?" तिने विचारलं.

"बरी आहे. तिला सांगू नकोस," तो म्हणाला.

त्या दिवसापासून दमयंतीने उशीर करायला सुरुवात केली. ती कामात वाकबगार होती, त्यामुळे तिला उशीर करणंही नीट जमायचं. मांडलेले तुकडे मोजमाप चुकलंय म्हणून तिने पुन्हा उचलायला लावले. रोटरच्या पात्यांवरचं मीठ धुवायला हवं म्हणाली, आणि धुतल्यावर मीठ पुन्हा चढलं म्हणून पुन्हा धुवायला हवं म्हणाली. मीठ खरंच पुन्हा चढत होतं. मुजुमदार सर हे बघत होते. पाणी रोज वाढत होतं. आधी मैदानावर घोट्याएवढं डबकं झालं. मग एका सकाळी डाबरेने पठाराच्या कडेवरून खाली बोट दाखवलं. दरीत धुकं असेल असं दमयंतीला वाटलं, पण धुक्याला लाटा नसतात.

समुद्र खालच्या विहिरींतून वर आला होता. आधी पाणी मचूळ झालं, मग खारट, मग विहिरी काठोकाठ भरून वाहू लागल्या. उरलेली अंजिराची झाडं उभ्या उभ्या पांढरी पडली. लोक आपली जनावरं, गाद्या, गॅसच्या शेगड्या घेऊन हळूहळू वर सरकत होते. कुणी आरडाओरडा करत नव्हतं. मागच्या वेळी बर्फ होता, या वेळी हे.

खालच्या गावच्या सरपंच सोनाबाई झेंडे एके दिवशी दुपारी मैदानावर आल्या. पन्नाशीच्या, ठसठशीत कुंकू लावलेल्या, पायांत गमबूट. त्यांनी नुसती विचारपूस केली. कोण काय करतंय, कुठपर्यंत आलंय. डाबरेने त्यांना सांगितलं की सगळे एका निष्कर्षाला पोचायच्या बेतात आहेत, फक्त तांडेल मॅडमची खात्री पटायचीय. सोनाबाई पाण्यातून पाय ओढत दमयंतीजवळ आल्या. ती शेपटीचा एक तुकडा तिसऱ्यांदा घासत होती.

"तुमचं कधी उरकायचं, बाई?" त्यांनी विचारलं.

"माझा भाऊ आहे यात," दमयंती म्हणाली.

सोनाबाईंनी त्या तुकड्याकडे पाहिलं. मग मैदानाच्या कडेला, जिथे त्यांच्या गावचे लोक खाटा टाकून बसले होते, तिकडे पाहिलं. "माझी सासू अजून घरात हाय," त्या म्हणाल्या. "हलंना झालीया. पाणी खाटेच्या पट्टीला लागलंया. मी तिला काल उशी लावून वर बसवली. उद्या कुठं बसवू?"

दमयंतीने घासणं थांबवलं. त्या रात्री तिला झोप लागली नाही. सकाळी ती सगळ्यांच्या आधी मैदानावर गेली आणि पहिल्यांदाच खरोखर तपास करायला बसली.

डाबरेचं म्हणणं असं होतं की चूक वैमानिकाची. धुक्यात तो खाली खाली येत गेला, पाण्याचा अंदाज चुकला, संपलं. दमयंतीने डॅशबोर्डवरचे धोक्याचे दिवे एकेक करून सोडवले आणि भिंगाखाली धरले. दिवा बंद असताना धक्का बसला तर आतली तार थंड असते, ती तुटते. दिवा लागलेला असताना धक्का बसला तर तार तापून मऊ झालेली असते, ती ताणली जाते. एक सोडून सगळ्या तारा तुटलेल्या होत्या. ती एक ताणलेली होती, माणसाच्या केसासारखी लांब. तो मुख्य गिअरबॉक्सचा दिवा होता. गिअरबॉक्सच्या तेलात धातूचा कीस आला की तो लागतो.

मग तिने पाती पाहिली. पाती टोकांशी हळुवार वाकली होती, चिंध्या झाल्या नव्हत्या. म्हणजे हेलिकॉप्टर आपटलं नव्हतं. वैमानिकाला दिवा दिसला, रिगपर्यंत पोचणार नाही हे त्याने ओळखलं आणि त्याने ते पाण्यावर बसवायचं ठरवलं. बसवलंही, अगदी अलगद. डाबरेने ती तार बराच वेळ भिंगाखाली पाहिली. नंतर तो म्हणाला की मी असतो तर मला हे जमलं नसतं. तिला त्याचं एवढं बरं वाटलं की तिला रडू आलं, आणि रडता रडता तिला पुढचं दिसलं.

हेलिकॉप्टरचं सगळं वजन त्याच्या डोक्यावर असतं. पाण्यावर बसलं की ते उलटं होतं आणि आतले लोक डोकं खाली, पाय वर, काळोखात अडकतात. म्हणून पोटाशी चार मोठे फुगे घड्या घालून बसवलेले असतात. त्यांना फ्लोट म्हणतात. बटण दाबलं की बाटलीतला वायू त्यांत भरतो आणि हेलिकॉप्टर तरंगत राहतं. अवशेषांत चारही फ्लोट सापडले होते. चारही आपापल्या कव्हरमध्ये, घडी न मोडलेले, नव्या चादरीसारखे होते. बाटली रिकामी होती. ती कधीच भरलेली नव्हती. म्हणजे ते उलटलं होतं, आणि वाकलेली शेपूट, गेलेल्या काचा, दिव्यांना बसलेला धक्का, सगळं त्या वेळचं होतं.

मुजुमदार सरांनी उमेदवारांना अवशेषांभोवती गोल उभं केलं. गुडघाभर पाण्यात सगळे उभे होते. एकेकाने कारण मोठ्याने सांगायचं होतं. गिअरबॉक्स, असं पहिला म्हणाला. गिअरबॉक्स, पाण्यावर सुखरूप बसवलं, फ्लोट उघडले नाहीत, असं दुसरा म्हणाला. डाबरेनेही तेच सांगितलं, पाण्याकडे बघत. दमयंतीची पाळी आली तेव्हा तिने उद्या दुपारी सांगते म्हटलं. सरांनी घड्याळाकडे पाहिलं नाही, तिच्याकडे पाहिलं, आणि ते बरं म्हणाले.

सगळे जेवायला गेले. तिने पहिल्या फ्लोटचं कव्हर काढलं, घड्या उलगडल्या आणि त्याच्या नळीला तोंड लावलं.

पुराव्याला हात लावायचा नाही, हे तपासातलं पहिलं शिक्षण. इथे येण्याआधीही तिला ते ठाऊक होतं. ती फुंकत राहिली. रबराची चव खारट होती. पहिला फुगा तिच्या कंबरेएवढा झाला, मग खांद्याएवढा, मग तिला त्याच्या पलीकडचं दिसेना. तिला वाटलं होतं की दम लागेल, चक्कर येईल. तसं काही झालं नाही. उलट प्रत्येक श्वास सहज निघत होता, कारण तो परत आत येत नव्हता. दुसरा फुगा भरला. तिसरा भरताना तिला आठवलं की जयवंतला ती किनाऱ्यावर पोहायला शिकवायची तेव्हा त्याच्या पोटाखाली हात धरायची, आणि हात काढलाय हे त्याला सांगायची नाही. चौथा भरला तेव्हा तिची छाती इतकी रिकामी झाली होती की ब्लाउज अंगावर सैल पडला.

मुजुमदार सर मागे उभे होते. केव्हापासून, ते तिला कळलं नाही.

"हे अवशेषांत नव्हतं," ते म्हणाले.

"आता आहे."

त्यांनी एका फुग्यावर बोटांनी टकटक केलं. तो ढोलासारखा घुमला. मैदानावर जे असतं ते पुरावा असतं, हा त्यांचाच नियम होता, आणि त्यांनी तो मोडला नाही. खिशातून चार पिवळ्या चिठ्ठ्या काढून त्यांनी तिच्या हातात दिल्या. "ती हवा तुमची आहे," ते म्हणाले. "परत मागू नका."

याचा अर्थ तिला संध्याकाळी कळला. तिला जांभई आली. अर्ध्यातच डाबरेने तिच्या खांद्याला धरून हलवलं आणि मैदानाकडे बोट केलं. एक फुगा सुरकुतला होता. तिने आत घेतलेलं बाहेर सोडलं तेव्हा तो पुन्हा ताठ झाला. तेव्हापासून ती वरवरचे, ओठांपाशीच संपणारे श्वास घेऊ लागली. चालताना थांबायची, जिने टाळायची. लांब वाक्यं तिने सोडून दिली. डाबरे तिच्यासाठी ताट घेऊन यायचा, तिच्या वाटचं बोलायचा, आणि कुणी काही विनोद करायला लागलं की त्याला गप्प करायचा, तिला हसू येऊ नये म्हणून. त्याने स्वतः एका फुग्यात थोडी हवा भरून पाहिली. फुग्याने ती घेतली नाही. नळीतून त्याची हवा तशीच परत आली, तंबाखूचा वास असलेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने कारण सांगितलं. गिअरबॉक्स, पाण्यावर सुखरूप बसवलं, फ्लोट भरलेले. गोल पुन्हा एकदा फिरला आणि आता प्रत्येकाने तिचंच वाक्य म्हटलं. शेवटच्या माणसाने तोंड मिटलं त्या क्षणी लाटांचा आवाज बदलला. पाणी पठाराच्या कडेवरून आत आलं, फेसाशिवाय, एखादा माणूस घरात शिरावा तसं, आणि मैदान दिसेनासं झालं. सगळे हँगरच्या उंच ओट्यावर चढले. गावकरीही तिथेच आले. सोनाबाईंची सासू खाटेसकट आली होती. चौघांनी खाट ओट्याच्या मधोमध ठेवली आणि म्हातारी समुद्राकडे तोंड करून उशीला टेकून बसली.

दमयंतीचा फोन वाजला.

"निघतोय," जयवंत म्हणाला. मागे पंखा फिरू लागल्याचा आवाज होता. "आठ जण आहेत. एक जण पहिल्यांदाच रिगवर चाललाय, मघापासून घाबरलाय बिचारा. काय ठरलं, ताई?"

तिला एका श्वासात बसेल तेवढंच बोलायचं होतं. "दिवा लागेल," ती म्हणाली. "खाली ये. पाण्यावर बसव. ते तरंगेल."

"तरंगेल? नक्की?"

"घाई करू नकोस. ते बुडणार नाही."

त्याने तिचा आवाज असा का येतोय विचारलं. बारीक, लांबून आल्यासारखा. ती म्हणाली, वारा आहे. फोन बंद झाला आणि काही काळ फक्त पाणी होतं, भर दुपारचं, डोळ्यांवर येणारं.

हेलिकॉप्टर दरीच्या बाजूने आलं. आधी आवाज आला, मग एक ठिपका, मग निळ्या पोटाचं अख्खं यंत्र. ते जवळ येऊ लागलं तसे पाण्याखालचे अवशेष कमी होऊ लागले. ओट्यावरून तळ दिसत होता. शेपटीचे तुकडे गेले, मग सीट गेल्या, मग पाती. वर जे होतं त्याला ते लागणार होते. पिवळ्या चिठ्ठ्या तेवढ्या तळाशी राहिल्या. डाबरे पुटपुटत होता, जणू स्वतः बसवतोय. हळू, नाक वर, आता सोड. जयवंतने ते अलगद बसवलं. मोठी लाट उठलीच नाही. पाती थांबली. पोटाखाली चार फुगे होते, ताठ, आणि त्यांच्यावर हेलिकॉप्टरचं सगळं वजन आलं.

ते वजन दमयंतीच्या छातीवर आलं. तिने उरलासुरला श्वासही बाहेर सोडला आणि आत काही घेतलं नाही.

दार उघडलं. गावातल्या पोरांनी दोर फेकले, डाबरे कमरेपर्यंत पाण्यात उतरला. कामगार एकेक करून बाहेर पडू लागले, नारिंगी जाकिटांत, ओले, आश्चर्याने इकडेतिकडे बघत. पहिल्याने ओट्यावर चढताच सोनाबाईंच्या सासूच्या पायाला हात लावला. त्याला काय वाटलं कोण जाणे. मागून दुसरा आला, तिसरा आला. लोक त्यांच्या अंगावर गोधड्या टाकत होते. कुणीतरी चहा ठेवला होता आणि तो उतू जात होता. दमयंतीच्या कानांत मोठा घंटानाद सुरू झाला. तिला दिसत होतं, पण कडेकडेने काळं होत चाललं होतं. ती मनात माणसं मोजत होती आणि मोजताना तिची चूक होत होती.

सात जण ओट्यावर आले. आठवा आला नाही.

उघड्या दारातून तो दिसत होता. अगदी कोवळा माणूस, दोन्ही हातांनी पुढच्या सीटची पाठ घट्ट धरून बसलेला. डाबरेने त्याला हाक मारली, दोराचं टोक त्याच्या मांडीवर टाकलं. त्याने बोटं सोडली नाहीत. जयवंत आपल्या सीटवरून उठला होता, एक पाय दारात ठेवून बाहेर पडणारच होता. त्याने मागे वळून पाहिलं. मग पाय आत घेतला.

दमयंतीने हात वर केला. तिला ओरडायचं होतं, आणि ओरडायला आधी श्वास घ्यावा लागतो.

जयवंतने तिला पाहिलं. त्यानेही हात हलवला, हसून, सगळं ठीक आहे असा. मग तो आत गेला आणि त्या माणसाच्या शेजारच्या रिकाम्या सीटवर बसला. त्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला काहीतरी समजावून सांगू लागला.

"श्वास घ्या, तांडेल," मुजुमदार सर तिच्या कानाशी म्हणाले. त्यांचा आवाज फार मायेचा होता.

आत जयवंत बोलत होता. तो माणूस आता त्याच्याकडे बघू लागला होता. जयवंतने बोट करून त्याला पाणी दाखवलं, मग खालचा फुगा दाखवला, किती भक्कम आहे ते कळावं म्हणून दारातून वाकून त्याच्यावर दोनदा हात मारून दाखवला, आणि पुन्हा नीट टेकून बसला, कसलीच घाई नसल्यासारखा.